सिलोनचा चहा, विलायतेचं कापड आणि मधली माणसं

सिलोन म्हटलं की आपल्या लोकांच्या डोळ्यांपुढे अनुराधपूरचा बोधिवृक्ष येतो. ते साहजिकच आहे. पण त्याच बेटाच्या मधल्या डोंगरात आणखी एक इतिहास आहे आणि तो आपल्यासारख्या कष्टकऱ्यांनी मुद्दाम वाचावा असा आहे. हा इतिहास दोन बेटांच्या व्यापाराचा. एक बेट सिलोन, म्हणजे आजची श्रीलंका. दुसरं ब्रिटन. एकाने चहा पाठवायचा, दुसऱ्याने कापड, लोखंड, यंत्रं. कागदावर ही देवाणघेवाण दिसते. तराजू मात्र एकाच्याच हातात होता.

इंग्रजांनी १७९६ साली सिलोनचा किनारा घेतला, १८१५ साली कँडीचं राज्य बुडवलं. १८४० साली कायदा केला की, ज्या जमिनीवर कुणाला हक्क सिद्ध करता येत नाही ती सरकारची. डोंगरातल्या शेतकऱ्याकडे कुठला आलाय कागद! तो रान तोडून, जाळून, आळीपाळीने नाचणी पिकवायचा. ती जमीन गोऱ्या मळेवाल्यांना एकरी ५ शिलिंगांनी मिळाली. सरकारी साहेबांनीही हात धुऊन घेतले. तिथे कॉफी लावली. १८६९ साली कॉफीच्या पानावर तांबेरा पडला आणि पुढच्या पंधरा-वीस वर्षांत कॉफीचा धंदा पार बसला.

मग चहा आला. जेम्स टेलर नावाच्या स्कॉटिश माणसाने १८६७ साली लूलकंदुरा मळ्यात १९ एकरांवर चहा लावला. १८७३ साली तिथून लंडनला पहिला माल गेला तो अवघा २३ पौंड. सिलोनच्या चहाचा जनक म्हणून आज त्याचं नाव घेतात. पण टेलरही नोकरच. १८९२ साली मालकांनी त्याला मळा सोडायला सांगितलं आणि त्याच वर्षी तो तिथेच आजारी पडून वारला. नाव झालं ते १८९० साली आलेल्या ग्लासगोच्या लिप्टन या वाण्याचं. पुड्या बांधून, दलालाला बाजूला सारून त्याने स्वस्त चहा विलायतेच्या कामगारांच्या घरात पोचवला.

यात एक गोम लक्षात घेतली पाहिजे. कोलंबोतही १८८३ पासून लिलाव होता, पण मोठा बाजार लंडनच्या मिन्सिंग लेनचा. चहा पेट्यांत भरून जायचा. मिसळणं, पुड्या बांधणं, त्यावर छाप मारणं हे सगळं तिकडे, म्हणजे खरा नफाही तिकडेच. पाला मळायची यंत्रं इंग्लंडच्या गेन्सबरोची, वाळवायची बेलफास्टची. जहाज त्यांचं, विमा त्यांचा, बँक त्यांची.

आणि कापडाचं काय? आम्हा गिरणीवाल्यांना हे चटकन कळेल. १९३० नंतर जपानी कापड स्वस्तात येऊ लागलं. सिलोनचा गरीब माणूस ते घेऊ लागला, तशी लँकेशायरची ओरड सुरू झाली. सिलोनला १९३१ सालीच सर्वांना मतदानाचा हक्क मिळाला होता, निवडून आलेलं कौन्सिल होतं. त्या कौन्सिलने जपानी कापडावर बंधन घालायला नकार दिला. तेव्हा १९३४ साली लंडनने वरून हुकूम काढला आणि बंधन लादलंच. लोकांनी मत दिलं तरी कापड कुणाचं नेसायचं ते ठरवणारा साता समुद्रापलीकडे बसलेला!

आता मधल्या माणसांविषयी. सिंहली शेतकऱ्याची स्वतःची भातखाचरं होती, तो बारमाही मळ्यावर राबायला तयार होईना. म्हणून मजूर आणले ते तमिळनाडूतून. रामनाड, तिरुनेलवेली, मदुरा, त्रिचनापल्ली इथले भूमिहीन, त्यांत पळ्ळर, परैयर असे अस्पृश्य मानलेले लोक फार. होडीतून मन्नारला उतरायचं आणि तिथून जंगल तुडवत मातलेपर्यंत पायी. वाटेत पटकी आणि ताप. किती माणसं त्या वाटेवर पडली, त्याची धड मोजदादही झाली नाही.

आपल्याकडच्या गिरणीत जॉबर भरती करायचा, तसा तिकडे कंगाणी. गावात उचल द्यायची, म्हणजे मजूर मळ्यावर पोचतो तो कर्ज घेऊनच. मळा सोडायचा तर कर्ज फेडल्याचा 'तुंडू' म्हणजे चिठ्ठी हवी. हा तुंडू १९२१ साली बंद झाला. राहायला लायनीतली एक-एक खोली, त्यातही जातीजातीच्या लायनी वेगळ्या. समुद्र ओलांडला तरी जात काही बुडाली नाही.

१९४० च्या जानेवारीत मूलोया मळ्यावर पगारवाढीसाठी संप झाला. पोलिसांनी गोळी चालवली, गोविंदन हा मजूर ठार झाला. आजही तिकडचे कामगार त्याला पहिला हुतात्मा मानतात.

स्वातंत्र्य आलं १९४८ साली. त्याच वर्षी नागरिकत्वाचा कायदा झाला: बापजादे सिलोनमध्ये जन्मले याचा पुरावा द्या. पुन्हा कागदच! १९४७ च्या निवडणुकीत मळेवाल्या मजुरांचे सात खासदार निवडून आले होते. १९५२ साली एकही नाही, कारण मतच काढून घेतलेलं. देशाला परकीय चलन मिळवून देणारे हातच परके ठरले. १९६४ च्या शास्त्री-सिरिमावो करारात पावणेदहा लाख माणसांची वाटणी झाली. सव्वापाच लाख भारताने घ्यायची, तीन लाख सिलोनने, दीड लाखांचं नंतर बघू. भारतात आलेल्यांतले अनेक नीलगिरीच्या चहात पुन्हा तेच पान खुडायला लागले. राहिलेल्यांचा प्रश्न पुरता मिटायला २००३ उजाडलं.

व्यापारात सिलोनची बाजू लंगडीच राहिली. १९६५ साली तो जगातला सगळ्यात मोठा चहा निर्यातदार झाला, पण भाव उतरत होते आणि यंत्रं महागत होती. १९७३ साली ब्रिटिश टेलिव्हिजनने मळ्यांवरची उपासमार दाखवली, तेव्हा कुठे चहा पिणाऱ्यांना कप कुठून येतो ते दिसलं. १९७२ आणि १९७५ च्या कायद्यांनी मळे सरकारजमा झाले. १९९२ साली त्यांचा कारभार परत खाजगी कंपन्यांकडे गेला. लंडनचा लिलाव २९ जून १९९८ रोजी कायमचा बंद पडला. आता इंग्रज जास्त करून केनियाचा चहा पितात, श्रीलंकेचा बराचसा माल इराक, तुर्कस्तान, रशियाकडे जातो. ब्रिटनला श्रीलंका आज सगळ्यात जास्त विकते ते तयार कपडे. १९७८ साली कटुनायकेला निर्यात क्षेत्र उघडलं, तिथे मशीनवर बसल्या त्या खेड्यातल्या तरुण मुली. ज्या बेटावर मँचेस्टरचं कापड लादलं, तिथूनच आता विलायतेचे सदरे शिवून जातात!

मळ्यावरच्या मजुराला दिवसाला १००० रुपये, तेही श्रीलंकेचे रुपये, मिळायला २०२१ साल लागलं. २०२३ साली या लोकांना बेटावर येऊन दोनशे वर्षं झाली. तेव्हा त्यांची नातवंडं-पतवंडं तलाईमन्नारहून मातलेपर्यंत पायी चालत गेली, आजे-पणजे ज्या वाटेने आले त्याच वाटेने. मागण्या होत्या जमिनीच्या, घराच्या आणि पुऱ्या पगाराच्या.