मच्छर नव्हे, माशी!

मागच्या रविवारी अकोल्याजवळ कापशी तलावावर गेलो होतो. काठच्या ओल्या चिखलावर एक इवलीशी हिरवी-सोनेरी माशी दिसली. लांब पायांवर छाती वर करून उभी, जणू पहारेकरीच! मी फोटो काढत बसलो तर मित्र म्हणाला, "मच्छर पाहाले इतक्या दूर आला का बे?"

मच्छर नाहीच ती. डासाला लांब सोंड असते, पंखांच्या शिरांवर खवले असतात. हिचं अंग धातूसारखं चमकतं आणि ती छोटे किडे खाते. कुळ डोलिकोपोडिडी, ग्रीकमध्ये अर्थ 'लांब पायांची'. हे नाव 1809 साली लात्रेय या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या कामातून आलं.

आता जात कुठली? इथे इतिहास आडवा येतो. भारतातल्या या कुळातल्या काही माशांना 1824 मध्ये कील इथल्या वीडमान या जर्मन डॉक्टरने नावं दिली. त्या काळच्या वर्णनांत ठिकाण म्हणून अनेकदा नुसतं 'पूर्व हिंदुस्थान' असे. वऱ्हाड तेव्हा निजामाचं. 1853 च्या तहानंतर त्याचा कारभार इंग्रजांकडे आला. पुढे ब्रिटिश इंडियाच्या प्राणिसृष्टीवरच्या ग्रंथमालेत ब्रुनेटीने 1912, 1920 आणि 1923 साली माशांवर तीन खंड लिहिले. हा गृहस्थ पोटापाण्यासाठी संगीतकार! पण त्या खंडांत आमच्या लंबटांगीला जागा नाही. 1922 साली बेकरने इंडो-ऑस्ट्रेलियन प्रदेशातल्या या कुळावर मोठा ग्रंथ काढला, तोही जर्मनमध्ये.

त्यात या माशा बहुतेक नरावरून ओळखायच्या. पोटाखाली दुमडलेलं जननांग, पायांवरचे केस, पंखांच्या शिरांची वळणं, हे सगळं सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. म्हणजे माझ्या फोटोवरून कुळापर्यंत पोचता येतं, जातीपर्यंत नाही. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच कळेल: व्हर्जन न लिहिलेला बग रिपोर्ट काय कामाचा? नमुन्याला गाव, तारीख आणि जागा लिहिलेली चिठ्ठी नसेल तर तो नुसता मेलेला किडा.

एवढ्याशा माशीसाठी खटाटोप कशाला, असं विचाराल. या कुळातल्या काही माशा डासांच्या अळ्याही खातात. डास समजून तलावकाठी औषध फवारलं, की शत्रूबरोबर पहारेकरीही गेला. आणि ज्याचं नाव वहीत नाही, तो गेल्याची नोंद तरी कोण करणार?

असो. अमरावतीकरांनो, छत्री तलावावर किंवा वडाळीला गेलात तर चिखलाकडेही एकदा वाकून बघा. फोटो काढाच, पण तारीख आणि जागा लिहायला विसरू नका.