तीन पिल्लांपैकी एक

कुत्र्याची ॲलर्जी असलेल्या माणसाला एक सल्ला हमखास मिळतो: "मग पूडल घे. नाहीतर लॅब्राडूडल. त्यांचे केस गळत नाहीत." जात बदलली की शिंका थांबतील, असा हा हिशेब. तो लोकांच्या डोक्यात पक्का बसण्यात एका कुत्र्याच्या गोष्टीचा मोठा वाटा आहे. गंमत म्हणजे ती गोष्ट नीट वाचली तर ती नेमकं उलटं सांगते.

१९८०च्या दशकात वॉली कॉनरन ऑस्ट्रेलियातल्या रॉयल गाइड डॉग असोसिएशनमध्ये कुत्र्यांच्या पैदाशीचं काम पाहायचे. अंधांना वाट दाखवणारे कुत्रे तयार करणारी ही संस्था. तिच्याकडे हवाईमधल्या एका अंध बाईंची मागणी आली. त्यांना कुत्रा हवा होता, पण नवऱ्याला कुत्र्यांची ॲलर्जी होती.

पूडलचे केस कमी गळतात म्हणून कॉनरन यांनी आधी पूडलच शिकवून पाहिले. तीन वर्षांत ३३ पूडल झाले, एकही या कामाला उतरला नाही. शेवटी त्यांनी पूडल आणि लॅब्राडोर यांचा संकर केला. तीन पिल्लं झाली. त्यांचे केस आणि लाळेचे नमुने हवाईला पाठवले गेले. तिघांपैकी एकाच पिल्लाच्या नमुन्यांचा त्या नवऱ्याला त्रास झाला नाही. ते पिल्लू म्हणजे सुल्तान. १९८९चं हे साल.

पुन्हा वाचा: तिघांपैकी एक. आईबाप तेच, वेत तेच, तरी निकाल वेगळा. कॉनरन यांनी जात निवडली नव्हती. त्यांनी एका माणसासाठी एक कुत्रा तपासून निवडला होता.

उरलेल्या दोन पिल्लांना मात्र घर मिळेना. संकरित कुत्रा सांभाळायला कुणी तयार नव्हतं. तेव्हा कॉनरन यांनी संस्थेच्या प्रसिद्धी विभागाला सांगितलं, आपण 'लॅब्राडूडल' नावाचा नवा गाइड डॉग तयार केलाय असं जाहीर करा. फोन खणखणू लागले. कुत्रे तेच, फक्त नाव नवं. नाव जगभर गेलं, तपासणी मागेच राहिली.

पुढे 'हायपोॲलर्जेनिक' हा शब्द थेट व्हाइट हाऊसपर्यंत पोहोचला. बराक ओबामांच्या मोठ्या मुलीला, मालियाला ॲलर्जी होती. म्हणून २००९मध्ये त्यांच्याकडे पोर्तुगीज वॉटर डॉग जातीचा 'बो' आला आणि हा शब्द घरोघरी झाला.

पण ॲलर्जी केसांची नसतेच. ती कुत्र्याच्या शरीरात तयार होणाऱ्या प्रथिनांची असते. त्यातलं मुख्य प्रथिन म्हणजे 'कॅन एफ १'. ते लाळेत असतं, त्वचेच्या कोंड्यात असतं. केस फक्त त्याची वाहतूक करतात. कुत्रा स्वतःला चाटतो, लाळ वाळते, बारीक कण हवेत तरंगतात. टक्कल असलेल्या कुत्र्यालाही लाळ आणि त्वचा असतेच.

२०११मध्ये अमेरिकेत डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड हॉस्पिटलच्या संशोधकांनी एकच कुत्रा असलेल्या १७३ घरांतली धूळ तपासली. कुत्रे ६० जातींचे होते, त्यांपैकी ११ जाती 'हायपोॲलर्जेनिक' मानल्या जाणाऱ्या. धुळीतल्या प्रथिनात लक्षणीय फरक सापडला नाही. २०१२चा नेदरलँड्समधला अभ्यास आणखी पुढे गेला. तथाकथित 'सुरक्षित' जातींच्या केसांत कॅन एफ १ उलट जास्त निघालं. लॅब्राडूडलच्या घरांत जमिनीवरच्या धुळीत ते थोडं कमी होतं, पण हवेत फरक नव्हता. एकाच जातीच्या दोन कुत्र्यांत मात्र मोठी तफावत दिसली.

त्यात आणखी एक मेख आहे. 'कॅन एफ ५' हे प्रथिन नराच्या प्रोस्टेट ग्रंथीत तयार होतं. काही रुग्णांना ॲलर्जी फक्त याचीच असते. अशा माणसाला कुत्री चालू शकते, कुत्रा चालत नाही. म्हणजे प्रश्न जातीचा नसून नर की मादी, हा असू शकतो. दुकानातल्या पाटीवर हे लिहिलेलं नसतं.

या गैरसमजाची किंमत दोघे मोजतात. दम्याचा रुग्ण 'सुरक्षित' म्हणून महागडं पिल्लू आणतो, काही आठवड्यांत श्वास लागतो, आणि घराला रुळलेलं पिल्लू परत जातं किंवा रस्त्यावर येतं. २०१९मध्ये कॉनरन यांनी एका मुलाखतीत आपण फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस मोकळा सोडला, अशी खंत बोलून दाखवली. त्यांचा रोख पैशांसाठी वाटेल तशी पैदास करणाऱ्यांवर होता. पण पैदास करणाऱ्यांना गिऱ्हाईक मिळवून देण्यात 'हायपोॲलर्जेनिक' या शब्दाचाही हातभार होताच.

म्हणून कुत्रा घ्यायचाच असेल, तर आधी ॲलर्जीच्या डॉक्टरांना विचारून आपल्याला नेमक्या कुठल्या प्रथिनाचा त्रास होतो ते तपासून घ्यावं. मग जो कुत्रा घरी येणार आहे त्याच्याच सहवासात, एकदा नाही, अनेकदा वेळ घालवावा. १९८९मध्ये हवाईला पाठवलेल्या त्या नमुन्यांमागचा विचार हाच होता. सुल्तानकडून घ्यायचा धडा तेवढाच, बाकी सगळं नाव.