भंगारांतील मोटारींची ओळख

जुना मोडी कागद हातीं आला म्हणजे इतिहाससंशोधक त्यावरील तारखेवर एकदम विश्वास ठेवीत नाहीं. कागद कोणता, शाई कोणती, अक्षराचें वळण कोणत्या काळचें, मायना तत्कालीन रिवाजास धरून आहे कीं नाहीं, हें सर्व तो पाहतो. आणि इतक्या साक्षी जुळल्या तरच तारीख मान्य करतो. भंगाराच्या अड्ड्यांत किंवा एखाद्या शेताच्या कुंपणाआड गंजून पडलेली बेवारशी मोटार ओळखणें हा नेमका याच जातीचा उद्योग होय. फक्त कागदाच्या जागीं येथें लोखंड असतें. युरोप-अमेरिकेंत या उद्योगाचें आतां एक शास्त्रच बनलें आहे, आणि त्याच्या निर्णयावर मोठमोठे व्यवहार, क्वचित् कोर्टकज्जेहि, अवलंबून राहिलेले आहेत.

मुळांत या गाड्या भंगारांत गेल्या कां? बैलगाडी बापाची मुलास आणि मुलाची नातवास उपयोगी पडते. मोटार मात्र जन्मतःच अल्पायुषी ठरली. दरवर्षीं नवी सुधारणा निघे आणि कालची गाडी आज हास्यास्पद होई. हेन्री फोर्डनें १९०८ पासून १९२७ पर्यंत आपल्या 'टी' नमुन्याच्या दीड कोटींवर गाड्या बनविल्या, आणि त्याच गृहस्थाच्या रूज नदीकांठच्या कारखान्यांत १९३० सालीं जुन्या मोटारी मोडण्याचीहि रांग सुरू झाली. काच, कातडें, लाकूड काढून घ्यावयाचें आणि उरलेलें धूड दाबून भट्टींत लोटावयाचें, असा क्रम होता. पुढें १९४२ च्या फेब्रुवारींत अमेरिकेंत खासगी मोटारींचें उत्पादन युद्धासाठीं बंद झालें आणि लोखंड गोळा करण्याच्या मोहिमेंत असंख्य जुन्या गाड्या वितळून गेल्या. ज्या वांचल्या त्या बहुधा कोणाच्या दूरदृष्टीनें वांचल्या नाहींत. भंगारवाल्याच्या आळसानें किंवा भाव वाढेल या आशेनें वांचल्या.

अशा गाडीच्या ओळखीचा पहिला धागा म्हणजे रेडिएटर. त्या काळीं प्रत्येक कारखाना आपल्या रेडिएटरचा घाट कुलचिन्हासारखा जपत असे. बुगाट्टीचा घोड्याच्या नालासारखा, रोल्स-रॉइसचा ग्रीक देवळाच्या दर्शनी भागासारखा. व्हॉक्सहॉलच्या बॉनेटवर दोन्हीं बाजूंनीं लांब पन्हळी उतरत. रेनोचा रेडिएटर पुष्कळ वर्षें इंजिनाच्या मागें असे, त्यामुळें गाडीचें नाक पुढें उतरतें दिसे. अमेरिकेंतील पिअर्स-ॲरो १९१४ पासून पुढचे दिवे मडगार्डांतच बसवूं लागली. फ्रँकलिनचें इंजिन वाऱ्यानें थंड होई, म्हणून तिला रेडिएटरची गरजच नव्हती. तो चोरीस गेला असावा असा अजाण माणसाचा समज होण्याचा संभव फार.

परंतु गंमत अशी कीं, ही ठळक खूणच भंगारांत सर्वांआधीं नाहींशी होते. रेडिएटर, दिवे, चाकाच्या तुंब्यावरील कारखान्याच्या नांवाची टोपी, नंबराची पाटी, हें सारें बहुधा पितळेचें किंवा तांब्याचें. आणि पितळेला भंगारांत लोखंडापेक्षां मोल अधिक. म्हणून परीक्षकाला उरतो तो सांगाडा, आंस, इंजिनाचा ओतीव ठोकळा, आणि निघून गेलेल्या पाटीच्या रिव्हेटांचीं छिद्रें. हीं छिद्रेंहि बोलतात. त्यांमधील अंतर मोजून तेथें कोणत्या कारखान्याची पाटी असावी याचा तर्क बांधतां येतो.

कालनिर्णयासाठीं दुसऱ्या साक्षी लागतात. दिवा रॉकेलचा आहे, कार्बाइडच्या वायूचा आहे कीं विजेचा? विजेनें इंजिन चालू करण्याची सोय कॅडिलॅकनें १९१२ च्या नमुन्यांत आणली. तत्पूर्वीं हॅंडल फिरविण्यावांचून गत्यंतर नव्हतें. पुढच्या चाकांना ब्रेक आहेत काय? ते १९२४ च्या सुमारापासून सर्रास दिसूं लागले. फोर्डची 'टी' गाडी वरवर पाहतां वीस वर्षें एकसारखी. पण जाणत्याला ती पंचांगासारखी वाचतां येते. पहिल्या सुमारें २,५०० गाड्यांना पाणी खेळविण्याचा पंप होता, नंतरच्यांना नाहीं. पितळी रेडिएटर १९१६ च्या नमुन्यापर्यंत, त्यापुढें काळा. विजेचा स्टार्टर १९१९ पासून. मात्र या साऱ्या साक्षींचा अर्थ जपून लावावा लागतो. १९१० च्या गाडीला तिच्या धन्यानें १९२० त विजेचे दिवे बसविले, तर दिवे खोटें बोलत नाहींत, पण गाडीचा जन्महि सांगत नाहींत.

नंबर हा खरोखर निर्णायक पुरावा, असें नवशिक्यास वाटतें. पण नंबर तरी किती! सांगाड्याचा एक, इंजिनाचा दुसरा, बॉडी बनविणाऱ्याचा तिसरा, आणि सरकारी नोंदणीचा चौथा. ब्रिटनमध्यें १९०३ च्या कायद्यान्वयें १ जानेवारी १९०४ पासून मोटारींना सरकारी नंबर आले. 'ए' अक्षर लंडनचें, 'ओ' बर्मिंगहॅमचें, अशी वांटणी होती. हीं नोंदणीपुस्तकें अखंड असतीं तर पुष्कळ वाद मिटले असते. परंतु त्यांतील बरींच पुढें नष्ट झालीं. फोर्डच्या 'टी' गाडीची अडचण याहून विलक्षण. तिचा नंबर बहुतेक काळ इंजिनावरच कोरलेला असे. म्हणजे इंजिन बदललें कीं गाडीचें नांवगांवच बदललें!

रोल्स-रॉइससारख्या उंची गाड्यांची कथा निराळी. दुसऱ्या महायुद्धानंतरपर्यंत हा कारखाना फक्त सांगाडा आणि यंत्र विकी. त्यावर बॉडी चढविण्याचें काम हूपर किंवा बार्कर यांसारखे गाडी बांधणारे कारागीर करीत. तेव्हां गाडीचा पोशाख पाहून माणूस ओळखावयास जावें तर फसगत ठरलेली. श्रीमंताच्या दारांतील सलून दहा-पंधरा वर्षांनीं प्रेतवाहक गाडी किंवा माल वाहणारी लॉरी होऊन हिंडे. अशा वेळीं वरचें सर्व सोडून सांगाड्यावरील अंक शोधावे आणि कारखान्याच्या दप्तरांतील नोंदीशीं ताडून पाहावे, हाच मार्ग.

हा सारा खटाटोप हौसेपुरता राहिला नाहीं, याचें एक कारण ब्रायटनची सहल. इंग्लंडांत १८९६ सालीं वेगाची मर्यादा ताशीं ४ मैलांवरून १४ मैल झाली, आणि त्या आनंदांत १४ नोव्हेंबर रोजीं मोटारवाले लंडनहून ब्रायटनला गेले. त्या प्रवासाच्या स्मरणार्थ १९२७ पासून जुन्या गाड्यांची सहल निघूं लागली, आणि १९३० सालीं व्हेटरन कार क्लब स्थापन झाला. सहलींत भाग घेण्याचा अधिकार १ जानेवारी १९०५ पूर्वीं बनलेल्या गाडीलाच. साहजिकच १९०४ ची गाडी आणि १९०५ ची गाडी यांच्या किंमतींत जमीनअस्मानाचें अंतर पडलें, आणि भंगारांतील प्रत्येक सांगाड्याला आपण १९०४ चे आहोंत असें वाटूं लागलें. क्लबाला जन्मसाल ठरविण्याचें काम अंगावर घ्यावें लागलें तें त्यामुळेंच.

याच सहलीवर हेन्री कॉर्नेलियसनें १९५३ सालीं 'जेनेव्हीव्ह' हा बोलपट काढला. त्याची खरी नायिका म्हणजे १९०४ ची दाराक ही फ्रेंच मोटार. ती १९४५ सालीं पूर्व लंडनमधील ली ब्रिज रस्त्याच्या एका आवारांत मोडक्या गाड्यांच्या ढिगांत सांपडली. 'ती सांपडली' असें म्हणणेंहि पूर्ण खरें नव्हे. सांपडल्या त्या दोन अपुऱ्या दाराक. एकीचें एक नव्हतें, दुसरीचें दुसरें. त्या दोहोंतून एक गाडी उभी राहिली. बोलपटानें तिला जगप्रसिद्ध केलें. पुढें ती न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलिया पाहून आली, आणि अखेर नेदरलंड्समधील लौमन संग्रहालयांत स्थिरावली. आज तिला कोणी 'दोन गाड्यांची गोधडी' म्हणत नाहीं. पण तिच्याइतकी कीर्ति नसलेल्या शेंकडों गाड्यांची घडण अशीच आहे, आणि त्यांच्या धन्यांस मात्र हा प्रश्न सुखानें झोपूं देत नाहीं.

एक गाडी म्हणजे नेमकें काय, याचा निवाडा १९९० सालीं लंडनच्या उच्च न्यायालयाला करावा लागला. बेंटले कारखान्याची 'ओल्ड नंबर वन' ही स्पीड सिक्स गाडी १९२९ आणि १९३० अशीं दोन वर्षें ल मांची शर्यत जिंकलेली. १९३२ सालीं ब्रुकलंड्सच्या शर्यतींत ती उलथली आणि तिचा चालक क्लाइव्ह डन्फी प्राणांस मुकला. तोंपर्यंत तिचें इंजिनहि बदललें होतें. नंतर बॉडी बदलली, आणि पुनः शर्यतीचें रूप चढलें. अशी ही गाडी एक कोटी पौंडांस विकण्याचा करार झाला, आणि घेणाराने ती खरी नव्हे म्हणून पैसे देण्याचें नाकारलें. न्यायमूर्ति ऑटन यांनीं एकेक भाग तपासला. १९२९ च्या गाडीचें म्हणण्यासारखें कांहींच सिद्ध होईना. १९३० च्या गाडीपैकीं पेडलांचा दांडा, गिअरपेटीचें कवच आणि स्टीअरिंगचा खांब, एवढेंच. तरीहि निकाल विकणाराच्या बाजूनें लागला. गाडी कधींच मोडींत निघाली नव्हती. तिचा वंश एका दुरुस्तींतून दुसरींत अखंड चालत आला होता. आणि त्याच नांवावर हक्क सांगणारी दुसरी गाडी जगांत नव्हती.

भंगाराच्या अड्ड्यांतील गाडीला नेमक्या याच तीन गोष्टींची वाण असते. तिचा वंश तेथें तुटलेला असतो. एक गिऱ्हाईक सांगाडा नेतो, दुसरा इंजिन, तिसरा पितळी पाटी. तिघेहि उरलेले भाग कोठून तरी जमवितात. आणि वीस-तीस वर्षांनीं एकाच नंबराच्या दोन गाड्या, दोन गांवीं, दोन प्रामाणिक मालकांच्या हातीं उभ्या असलेल्या आढळतात.