मांजराचा पगार

वेल्समध्ये किंवा डेव्हनमध्ये सुट्टीला एखाद्या शेतावर उतरलात, तर शेतकऱ्याच्या आधी तुम्हाला भेटायला मांजर येण्याची शक्यता बरीच आहे. शेपटी आजोबांच्या छत्रीच्या मुठीसारखी, उभी आणि टोकाशी वाकलेली. ते तुमच्या पायाला अंग घासतं, बुटांचा वास घेतं, शेजारच्या फाटकाच्या खांबालाही तितक्याच मायेने गाल घासतं. तुम्ही विरघळून खाली वाकता, हात पुढे करता, आणि ते बरोबर हातभर मागे सरकतं. तिथे बसून, जणू तुम्ही नाहीतच अशा थाटात, पंजा चाटू लागतं. तुम्ही पुढे सरकलात की पुन्हा हातभर मागे. मुलं खिदळतात. तुम्ही म्हणता, 'मांजरच ते!'

पण हा हातभर अंतराचा हिशेब लहरीपणातून आलेला नाही. शेतावरचं मांजर तुमच्या फ्लॅटमधल्या सोफ्यावर लोळणाऱ्या मांजरापेक्षा वेगळ्या परंपरेतलं असतं. ते रानटी नाही आणि पाळीवही धड नाही. शेताशी त्याचं नातं कंत्राटी कामगारासारखं आहे. दोन-दोन वर्षांच्या करारांवर विद्यापीठं बदलत राहणाऱ्या माझ्यासारख्या संशोधकाला ते नातं चटकन ओळखू येतं. आणि त्या नात्याच्या इतिहासात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो : उंदीर मारण्याच्या कामाचा मोबदला मांजराला द्यायचा की नाही, आणि द्यायचा तर कशात?

आपली भाषा या बाबतीत जरा कडक आहे. मराठीत मांजर आणि दूध एकत्र आले की मांजर आरोपीच्या पिंजऱ्यात. ते डोळे मिटून दूध पितं आणि जगाला दिसत नाही असं समजतं. शिंकं तुटलं की बोक्याचं फावतं. दूध हा मांजराचा हक्काचा पगार असू शकतो, हा विचार आपल्या म्हणींना शिवलेला नाही. ब्रिटनच्या शेतांवर मात्र तो फार जुना आहे.

कराराची सुरुवात अर्थातच कागदावर झाली नाही. पश्चिम आशियात माणूस धान्य साठवू लागला, साठ्यावर उंदीर आले आणि उंदरांमागोमाग रानमांजर आलं. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, पण हाकलण्याचंही कारण नव्हतं. सायप्रस बेटावर शिलुरोकाम्बोस इथे सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचं एक दफन सापडलं. त्याची माहिती २००४ साली प्रसिद्ध झाली. माणसापासून जेमतेम ४० सेंटिमीटरवर एक तरुण मांजर पुरलेलं होतं. सायप्रसवर मूळचं मांजर नव्हतं, म्हणजे ते किंवा त्याचे पूर्वज होडीतून आले असणार. समुद्र ओलांडून सोबत नेण्याइतकी ओळख तेव्हाच झाली होती.

हे नातं कायद्याच्या भाषेत लिहिलं गेलं ते वेल्समध्ये. दहाव्या शतकातला राजा हवेल दा, म्हणजे 'भला हवेल', याच्या नावाने ओळखली जाणारी कायद्याची संहिता आज तेराव्या शतकापासूनच्या हस्तलिखितांतून उपलब्ध आहे. बैल, घोडे, मेंढ्यांच्या किमती ठरवता ठरवता ती मांजराशी येते. जन्मल्या रात्रीपासून डोळे उघडेपर्यंत पिल्लाची किंमत एक पेनी. डोळे उघडल्यापासून पहिला उंदीर मारेपर्यंत दोन पेन्स. त्यानंतर चार. म्हणजे शिकाऊ उमेदवार, मग नोकरीत कायम.

पुढे गुणांची यादी आहे. मांजरीला नीट दिसलं आणि ऐकू आलं पाहिजे, नख्या शाबूत हव्यात, तिने उंदीर मारले पाहिजेत, पिल्लं वाढवली पाहिजेत आणि ती खाता कामा नयेत. विकत घेतलेल्या मांजरीत यातली खोट निघाली तर किमतीचा तिसरा हिस्सा परत. एका पाठात तर दर अमावास्येनंतर रात्री-बेरात्री गळा काढत हिंडू नये अशीही अट आहे. ही अट कोणत्या बोक्याने पाळली असेल, याची कल्पना तुम्हीच करा.

राजाच्या कोठाराची राखण करणाऱ्या मांजराचा मान आणखी मोठा. ते कुणी मारलं किंवा चोरलं, तर मांजराला स्वच्छ, सपाट जमिनीवर डोकं खाली आणि शेपटी वर असं धरायचं आणि शेपटीचं टोक झाकेपर्यंत वरून गहू ओतायचा. त्या राशीइतका दंड. हसू येतं खरं, पण हिशेब चोख आहे. मांजराने जे राखलं, त्यातच त्याची किंमत मोजली. याच कायद्यात रीतसर वस्ती कशाला म्हणावं हेही सांगितलं आहे : नऊ घरं, एक नांगर, एक भट्टी, दूध घुसळायचं एक भांडं, एक मांजर, एक कोंबडा, एक वळू आणि एक गुराखी. मांजर नसेल तर गावही पुरं होत नव्हतं.

आता काही शतकं पुढे येऊ. हार्वेस्टर येण्याआधी इथले शेतकरी कापलेल्या पिकाच्या पेंढ्यांच्या गंजी रचून ठेवत आणि हिवाळ्यात सवडीने मळणी करत. आपल्याकडच्या कडब्याच्या गंजीसारखीच ती दिसत, फक्त दाणे आत असत. उंदीर-घुशींना हिवाळाभर राहण्या-खाण्याची सोय. अशा शेतावर मांजरं भरपूर असत आणि त्यांच्याबद्दल एक समजही पक्का असे : मांजराला खायला घालू नका, उपाशी असेल तरच ते शिकार करतं.

या समजाला धक्का दिला तो ऑक्सफर्डच्या चार्ल्स एल्टन यांनी. परिसंस्थाशास्त्राच्या प्रवर्तकांपैकी हे एक. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनला धान्याचा दाणा न् दाणा मोलाचा होता आणि एल्टन यांची संस्था उंदीर-घुशींच्या बंदोबस्ताच्या कामाला लागली होती. शेतांवरच्या मांजरांविषयीचा त्यांचा लेख १९५३ साली प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष असा : घुशींनी आधीच ठाण मांडलेलं शेत मांजरं साफ करू शकत नाहीत. मोठ्या घुशीच्या वाटेला मांजर सहसा जातही नाही. पण एकदा माणसाने घुशी काढून टाकल्या, की गोठा आणि कोठाराभोवती त्यांना पुन्हा वस्ती करू न देण्याचं काम मांजरं उत्तम करतात. अट एकच, मांजरांना तिथे रोज दूध मिळालं पाहिजे. दूध मिळालं नाही तर ती भक्ष्य शोधत लांब निघून जातात आणि गोठा मोकळा पडतो. म्हणजे उपाशी मांजर शिकार करतं हे खरं, पण ते कुणा दुसऱ्याच्या शेतात.

हे दूध कसं दिलं जाई, हे तुम्ही कदाचित छायाचित्रांत पाहिलं असेल. धार काढणारा माणूस आचळ जरा वळवतो, दुधाची चिळकांडी हवेतून जाते आणि मागच्या दोन पायांवर उभं राहिलेलं मांजर ती अचूक तोंडात झेलतं. यातलं सर्वांत गाजलेलं छायाचित्र नॅट फार्बमन यांनी १९५४ साली कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नोजवळच्या डेअरी फार्मवर काढलं. त्यातल्या मांजरांची नावं ब्लॅकी आणि ब्राऊनी. तोंड चुकलं तर मिशा आणि कपाळ पांढरं व्हायचं आणि ते चाटून काढण्यात पुढची दहा मिनिटं जायची. धारेच्या वेळेला मांजरं घड्याळ लावल्यासारखी गोठ्यात हजर होत. पगाराच्या दिवशी कोण दांडी मारेल?

पण मांजरं शेतावर राहतात ती केवळ दुधासाठी नाही, एकमेकांसाठीही. मांजर एकलकोंडं असतं, हा समज शास्त्रज्ञांतही बराच काळ होता. तो मोडण्यात शेतावरच्या मांजरांचाच मोठा वाटा आहे. डेव्हिड मॅक्डोनल्ड आणि पीटर अॅप्स यांनी डेव्हनमधल्या एका शेतावरच्या मांजरांच्या छोट्या गटाचं निरीक्षण केलं आणि १९७८ साली त्याचा पहिला वृत्तांत दिला. पुढे १९८७ साली मॅक्डोनल्ड आणि सहकाऱ्यांचा मोठा अभ्यास आला. नात्यातल्या माद्या पिल्लं एकत्र ठेवत आणि एकमेकींच्या पिल्लांना पाजत. आपल्याकडच्या बाळंतिणीच्या खोलीत मावश्या-आत्यांचा राबता असतो, तसाच प्रकार. बाहेरचा बोका मात्र पिल्लांच्या जिवावर उठे. असे पिल्लं मारल्याचे प्रसंग त्यांनी नोंदवले आहेत. मांजरी पिल्लांना सात घरं फिरवते, असं आपण म्हणतो. तिला कशाकशाची धास्ती असते, हे वाचल्यावर त्या म्हणीतली गंमत जरा कमी होते.

याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. अंग घासणं दोन्ही बाजूंनी सारखं नसतं. पिल्लू आईला जितकं घासतं तितकी आई पिल्लाला घासत नाही. घासण्याचा ओघ बहुतेक धाकट्याकडून थोरल्याकडे जातो. तेव्हा तुमच्या पोटरीला होणारा तो स्पर्श वाकून केलेल्या नमस्काराच्या जवळचा आहे, असं म्हणायला हरकत नाही.

उभ्या शेपटीचंही तसंच. रानमांजराचं पिल्लू आईकडे जाताना शेपटी उभारतं, पण मोठं झाल्यावर ती सवय सोडतं. शेतावरच्या आणि घरच्या मांजराने ती आयुष्यभर जपली. १९९७ साली साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या एका प्रबंधासाठी मांजरांसमोर मांजराच्या आकाराची कापलेली छायाकृती ठेवली होती. शेपटी खाली असलेल्या आकृतीकडे मांजरं संशयाने पाहत. शेपटी उभी असलेल्या आकृतीकडे ती स्वतःची शेपटी उभारून चटकन जात. सपाट मांजराला नमस्कार करायला निघालेली ती मांजरं डोळ्यांसमोर आणा. पण विचार केला तर पटतं, एका गोठ्यात दहा जणांनी राहायचं तर 'मी भांडायला आलेलो नाही' हे लांबूनच सांगता आलं पाहिजे.

मग हातभर मागे सरकणं कशासाठी? मांजराचं पिल्लू माणसाळतं ते साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात. घरातलं पिल्लू त्या काळात शंभर वेळा उचललं जातं. शेतावरची मांजरी मात्र पिल्लं गवताच्या गठ्ठ्यांमागे लपवते आणि ती स्वतःहून बाहेर येतात तोवर तो काळ बराचसा सरलेला असतो. म्हणून ओळख होते, सलगी होत नाही. नमस्कार येतो, कडेवर घेणं मात्र चालत नाही.

गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांत मात्र या कराराचं एक कलम गळून पडलं, आणि ते मांजराचं नव्हतं. कंबाइन हार्वेस्टरने कापणी आणि मळणी एकाच वेळी उरकली आणि गंजी नाहीशा झाल्या. धान्य बंद कोठ्यांत गेलं. वॉरफरिनसारखी विषं आली आणि मांजराचं काम कमी झालं. दूध यंत्रातून थेट नळीत आणि नळीतून थंड टाकीत जाऊ लागलं. चिळकांडी मारायला कुणाचा हात आचळावर उरला नाही. काम गेलं, पगार गेला, कामगार मात्र तिथेच राहिला. आणि नको असलेली पिल्लं बादलीत बुडवण्याची जुनी, न बोलली जाणारी रीतही बराच काळ चालू राहिली. गोंडसपणाच्या इतिहासाला ही बाजू आहे. ती वगळली तर मांजराला फसवल्यासारखं होईल.

आज कॅट्स प्रोटेक्शनसारख्या संस्था, १९२७ पासून हे काम करणाऱ्या, माणसाळू न शकणाऱ्या मांजरांची नसबंदी करून त्यांना शेतं, तबेले अशा ठिकाणी जागा मिळवून देतात. शेतकऱ्याने निवारा द्यायचा, रोज अन्न-पाणी द्यायचं, आजारपणात डॉक्टरकडे न्यायचं. नवीन मांजराला पहिले काही आठवडे कोठारातच बंद ठेवतात, म्हणजे तिथला वास, आवाज आणि जेवणाची वेळ अंगवळणी पडते. नाहीतर ते जुन्या जागेच्या शोधात निघून जातं. परदेशातले आपले पहिले महिने आठवले, तर त्याचं मन तुम्हाला कळायला फार कष्ट पडणार नाहीत.

हवेल दाच्या कायद्यात मांजराचे गुण मोजले होते, एल्टन यांनी त्याचं दूध मोजलं, आणि आता पुन्हा करार होतो आहे. अनेक शेतांवर तो अजूनही जुन्या समजावर चालतो : उपाशी ठेवा, म्हणजे शिकार करेल. तुम्ही उतरलात त्या शेतावर मांजरं हडकुळी दिसली, पिल्लांचे डोळे चिकटलेले दिसले, तर निघताना मालकाजवळ विषय काढा. ओशाळायचं कारण नाही, मांजर सांभाळणाऱ्या संस्थेचा नंबर हवा असणारे शेतकरी पुष्कळ असतात.

आणि शेपटी उभारून ते मांजर पुन्हा आलं, तर हात पुढे करू नका. शेजारच्या दगडावर बसा, हात गुडघ्यावर राहू द्या. उरलेलं हातभर अंतर कापायचं की नाही, हे त्याला ठरवू द्या.