कचऱ्यापासून इंधन : हवेचे प्रदूषण कुठे आणि कसे मोजावे?

न कुजणारा पण जळणारा कचरा निवडून, वाळवून, बारीक करून गठ्ठे बांधले की त्याला आरडीएफ म्हणतात. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी अशा प्रकल्पापासून 100 किलोमीटरच्या आतील, इंधन वापरणाऱ्या उद्योगांना किमान 5 टक्के इंधन आरडीएफ वापरण्यास सांगितले. कारंजा (घाडगे)सारख्या नगरपंचायतीच्या गावातील कार्यकर्त्यांनीही हा विषय समजून घ्यावा, असे आम्हाला वाटते. प्रदूषण तीन ठिकाणी मोजावे लागते.

चिमणीत : कचरा जाळणाऱ्या प्रकल्पांसाठी 2016 च्या याच नियमांत मर्यादा दिल्या होत्या. एका घनमीटर धुरात धूलिकण 50 मिलिग्रॅम आणि डायॉक्सिन-फ्युरान 0.1 नॅनोग्रॅम. पीव्हीसीसारखे क्लोरीन असलेले प्लास्टिक जळाले की डायॉक्सिनचा धोका वाढतो. आकडे 11 टक्के ऑक्सिजनला जुळवून घेतलेले असावेत; नाहीतर धुरात जादा हवा मिसळूनही आकडा कमी दिसतो.

वस्तीत : 2009 च्या राष्ट्रीय मानकांनुसार 24 तासांची मर्यादा पीएम 10 साठी 100 आणि पीएम 2.5 साठी 60 मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. वाऱ्याच्या वरच्या आणि खालच्या, दोन्ही बाजूंना यंत्र हवे. आपल्याकडे महामार्गाची धूळ आणि शेतात जाळलेल्या पऱ्हाटीचा धूर असतोच. म्हणून प्रकल्प सुरू होण्याआधीची मोजणी नसेल, तर वाढ कुणामुळे झाली हे सिद्ध करणे अवघड जाते.

कामगाराच्या नाकाजवळ : आरडीएफ तयार करताना चिमणी लागतेच असे नाही, पण निवडताना आणि बारीक करताना धूळ, बुरशीचे कण व दुर्गंधी उठते. कॉलरला लावलेल्या छोट्या पंपाने पूर्ण पाळीभर नमुना घेता येतो. राज्यात कचरा वेचणाऱ्यांत दलित स्त्रियांची संख्या मोठी आहे. फाटकावरच्या यंत्राला त्यांचा श्वास कळत नाही.

काय मागावे? हवा कायदा 1981 खालील संमतीपत्र आणि तपासणी अहवाल महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून माहिती अधिकारात मागता येतात. अहवालात नमुन्याची जागा, तारीख, कालावधी, वाऱ्याची दिशा आणि त्या दिवशी यंत्र किती भाराने चालू होते, हे पाहा. प्रकल्प बंद असताना घेतलेला स्वच्छ नमुना काहीच सांगत नाही. ग्रामसभेत किंवा नगरपंचायतीत जाताना घोषणेसोबत हा कागदही हातात असू द्या.