बोस्टनचा दुकानदार आणि खेड्यातली पतपेढी

प्रशियातील पोझनहून अमेरिकेत आलेल्या एका ज्यू दुकानदाराचा मुलगा एडवर्ड फायलीन. जन्म १८६० चा, सेलम गावी. हार्वर्डला जायचे ठरले होते, पण वडील आजारी पडले नि पोराला दुकान सांभाळावे लागले. बोस्टनमधल्या त्या दुकानाचे पुढे मोठे भांडार झाले. १९०९ साली त्याने तळघरात निराळीच विक्री मांडली. माल १२ दिवसांत खपला नाही की किंमत चौथाईने उतरे. ३० दिवसांनीही उरला तर धर्मादाय!

पण आमचे कौतुक वेगळेच आहे. १९०७ साली हा गृहस्थ हिंदुस्थानात आला होता. १९०४ च्या कायद्याने निघालेल्या सहकारी पतपेढ्या त्याने पाहिल्या. शेतकरी एकमेकांना जामीन राहून कर्ज घेत, सावकाराची पायरी चढत नसत. बोस्टनचा कामगारही व्याजानेच पिचलेला होता. परतल्यावर त्याने खटपट चालवली. मॅसॅच्युसेट्समध्ये १९०९ साली आणि सबंध अमेरिकेसाठी १९३४ साली पतपेढ्यांचा कायदा झाला.

दुकानही नोकरांच्या हाती द्यावे, असे त्याच्या मनात होते. भागीदारांना ते पटले नाही. १९२८ साली त्यांनी, सख्ख्या भावासकट, त्याच्या हातून कारभार काढून घेतला. पतपेढ्यांसाठी पैसा खर्चणे मात्र त्याने सोडले नाही. १९३७ साली तो पॅरिसला वारला. लग्न केलेच नव्हते.