‘दि व्हायकिंग्ज’: चित्रपट, सागा आणि इतिहास

ऐतिहासिक चित्रपटाचे मूल्यमापन त्यातील वेशभूषा व शस्त्रे यांच्या यथार्थतेवरून करण्याचा प्रघात आहे. ही कसोटी किती अपुरी आहे, हे रिचर्ड फ्लायशर यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘दि व्हायकिंग्ज’ (१९५८) या अमेरिकन चित्रपटावरून स्पष्ट होते.

चित्रपटातील जहाजे नॉर्वेत गोकस्टाड येथे १८८० मध्ये उत्खननात सापडलेल्या जहाजाच्या धर्तीवर बांधलेली होती व त्यांचे चित्रण नॉर्वेतील फ्योर्डमध्येच झाले. याउलट, नॉर्थम्ब्रियाचा राजा एला याचा किल्ला म्हणून दाखविलेली वास्तू ब्रिटनीतील चौदाव्या शतकातील ला लात दुर्गाची आहे. नवव्या शतकातील इंग्लंडात असे पाषाणदुर्ग नव्हते.

परंतु खरा प्रश्न घटनांचा आहे. चित्रपटात एला रॅग्नारला लांडग्यांच्या गर्तेत लोटतो आणि अखेरीस त्याच गर्तेत स्वतः प्राणास मुकतो. अँग्लो-सॅक्सन इतिवृत्तानुसार डेनिश सैन्याने ८६६ मध्ये यॉर्क घेतले आणि ८६७ मध्ये ते परत जिंकण्याच्या प्रयत्नात एला रणांगणावर पडला. तेथे रॅग्नारच्या वधाचा उल्लेख नाही. ती कथा पुढील शतकांतील सॅक्सो ग्रॅमॅटिकसच्या लॅटिन ग्रंथात आणि आइसलँडच्या सागावाङ्मयात आढळते. मात्र तेथे लांडग्यांच्या जागी सर्प आहेत. कर्क डग्लस याने साकारलेला आयनार चालत्या वल्ह्यांवरून धावतो, त्या प्रसंगाचेही मूळ राजा ओलाफ ट्रिग्व्हासनविषयीच्या सागेत आहे.

तात्पर्य, चित्रपटाने इतिहासाचा विपर्यास प्रथमच केला असे नव्हे. राज्याच्या पाडावाला कौटुंबिक सूडाचे रूप देण्याचे कार्य मध्ययुगीन कथाकारांनी आधीच केले होते. हॉलीवूडने त्यांचाच वारसा पुढे चालविला.

या वारशात एक महत्त्वाची गोष्ट मात्र हरवली. ८७६ मध्ये हाफडानने नॉर्थम्ब्रियाची भूमी आपल्या अनुयायांत वाटून दिली व ते तेथे शेती करू लागले. उत्तर व पूर्व इंग्लंडातील ‘बी’ हा अंत्यप्रत्यय असलेली असंख्य ग्रामनामे आजही स्कँडिनेव्हियन वसाहतीची साक्ष देतात. तलवारीइतकाच नांगरही त्या इतिहासाचा कर्ता होता. सूडकथेत नांगराला स्थान नसते. म्हणूनच, जहाज कितीही हुबेहूब असले तरी त्यातून उतरलेल्या माणसांचे पुढे काय झाले, हे अभ्यासकाला अन्यत्र शोधावे लागते.